बुआचुमने भरलेला रकाना

बुआचुमच्या अंगात एके काळी अकरा सैनिक होते. मोहरीएवढ्या रक्तात निरोगी माणसाचे हजारभर असतात. दोनशेच्या खाली गेले की कोणताही भुरटा आजार दार न वाजवता आत येतो. त्यांचं खरं नाव सीडी-फोर पेशी. पण उत्तर थायलंडमधल्या फयाव प्रांतातल्या एका तालुक्याच्या हॉस्पिटलात नर्स सुपान्नीने समजावताना एकदा ‘सैनिक’ म्हटलं, आणि तेव्हापासून एचआयव्हीवाल्यांच्या गटात पेशी हा शब्द फक्त डॉक्टरांसाठी उरला.

“अकरा म्हणजे फुटबॉलचा संघ झाला,” बुआचुम नव्या माणसांना सांगायची. “फक्त राखीव खेळाडू नाहीत. एकाला शिंक आली की सामना बंद.”

नवी माणसं हसायची. निदान रडायची थांबायची, आणि बुआचुमला तेवढं पुरे होतं.

त्याआधी ती बाजाराच्या तोंडाशी गाडी लावून खनोम-चीन विकायची. तांदळाच्या शेवया, वर डुकराच्या मांसाचा तांबडा रस्सा. नवरा ट्रकवर होता, तो आजार घेऊन आला आणि तिच्या हवाली करून गेला. त्याच्या अंत्यविधीला गाव आलं, रीतीप्रमाणे बसलं, भिक्खूंपुढे हात जोडले आणि बंद बाटलीतलं पाणी तेवढं प्यालं. तिने रांधलेला रस्सा तीन दिवस कुत्री खात होती. “कुत्र्यांनी मात्र नावं ठेवली नाहीत,” ती म्हणायची. गाडी त्याच आठवड्यात बंद झाली.

मग गोळ्या आल्या. सुरुवातीला दोनच प्रकारच्या, आणि साऱ्या तालुक्यात आठ जणांपुरत्या. त्या आठांत बुआचुम होती. पुढे तीन औषधांची मिळून एक गोळी निघाली आणि सगळ्यांना मिळू लागली. अकराचे नव्वद झाले, नव्वदचे दोनशे चाळीस, मग तीनशे शहाऐंशी. गोळ्यांनी गाल आत ओढले, पण बाकीची बाई शाबूत ठेवली. हॉस्पिटलने तिला गटाची कार्यकर्ती केलं. गावोगाव नेऊन तिला उभं करत, एखाद्या वाणाचं भरलेलं कणीस दाखवावं तसं.

वर्षातून दोनदा सगळ्यांचं रक्त जायचं. दोन आठवड्यांनी हॉस्पिटलमागच्या शेडमध्ये बैठक भरायची, सुपान्नी घडी घातलेल्या चिठ्ठ्या वाटायची. चिठ्ठी ज्याची त्याने खिशात घालावी असा नियम होता. पण कधीतरी कोणीतरी आनंदाने आकडा मोठ्याने वाचला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग न वाचणारा संशयित ठरू लागला.

“तीनशे दहा!” बासष्ट वर्षांच्या चान मावशी ओरडायच्या. “नवरा जिवंत असता तर सगळे त्याच्यावर सोडले असते.”

आकडा घसरला की बुआचुम एकच प्रश्न विचारायची. “किती चुकवल्या?”

सकाळी आठ वाजता एक, रात्री आठ वाजता एक. घेतल्या तर चढतो, चुकवल्या तर उतरतो. इतकं सरळ गणित तिला आयुष्यात दुसरीकडे कुठे भेटलं नव्हतं, त्यामुळे त्यावर तिचा फार जीव होता. चौकशी झाली की ती फॉर्म भरायची. त्यात एक रकाना होता: गोळ्या चुकवतो का. होय किंवा नाही.

लसणाची शेती करणारा इन्सोम पहिल्या आठांतलाच. चाळिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. एका वर्षी तो दोनशे साठवरून दीडशेवर आला.

“किती चुकवल्या?”

“एकही नाही, ताई.”

“शेतावर गेलास, घड्याळ विसरलास?”

“एकही नाही.”

“इन्सोम, सैनिक खोटं बोलत नाहीत रे. माणसं बोलतात.”

वीस माणसं हसली. वाईट मनाने नव्हे. आपला आकडा चढलेला असला की माणूस सहज हसतो. बुआचुमने फॉर्मवर ‘होय’ लिहिलं. गटाच्या पुढच्या महिन्याच्या भेटीला इन्सोम आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हाक मारून आणायला ती कोणाकडेही जायची, त्याच्याकडे गेली नाही. चुकवणारे शरमेने येत नाहीत हेही तिच्या गणितात बसत होतं.

पाचएक महिन्यांनी तिच्या स्वतःच्या चिठ्ठीवर दोनशे एक्कावन्न आलं.

तिने चिठ्ठी उघडली, घडी घातली आणि “तीनशे नव्वद” म्हणाली. टाळ्या पडल्या. तिने स्वतःही दोन वाजवल्या.

त्यानंतर सहा महिने तिने घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवलं. गोळी गिळून झाल्यावर जिभेखाली बोट फिरवून पाहू लागली. पुढची चिठ्ठी आली ती एकशे सतराची. या वेळी मात्र सुपान्नीनेच बैठकीआधी तिला आत बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं आणि मोठ्या तपासणीसाठी चिआंग माईला पाठवलं. दोन महिन्यांनी कागद आला. तिच्या रक्तातला विषाणू गोळ्यांना सरावला होता.

“पहिली दोन औषधं अपुरी होती ताई,” सुपान्नी म्हणाली. “त्यांनी त्याला मारलं नाही, शिकवलं. तू एकही चुकवली नसशील, मला माहीत आहे. आता नवी औषधं मागवू. हा कागद असला की प्रांताची समिती नाही म्हणत नाही. तुमच्या आठांत असं झालेली तू तिसरी.”

“चौथी,” बुआचुम म्हणाली.

“तिसरी गं.”

“इन्सोमचा कागद कुठाय?”

सुपान्नीने कपाट उघडलं, फाइल काढली, चाळली. “त्याचं रक्त पाठवलंच नव्हतं. फॉर्मवर चुकवतो असं आहे. चुकवणाऱ्याचं पाठवत नाहीत.” मग अक्षर ओळखून तिने फाइल मिटली.

इन्सोमचं घर खांबांवर उभं, खाली लसणाच्या जुड्या टांगलेल्या. त्याची आई जिन्याच्या तळाशी सोयाबीन निवडत होती. बुआचुमला पाहून ती उठली नाही.

“या बाई. आज कोणाला शिकवायला आलात?”

“इन्सोम आहे का, आई?”

“असतोच. जाणार कुठे? चार पायऱ्या उतरला की बसायला लागतं त्याला.”

वर तो चटईवर भिंतीला टेकून होता. शर्ट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसत होता. बोलण्याआधी तो खोकला, आणि खोकल्यानंतर बोलण्यात त्याला फारसा रस उरला नाही.

“माझे एकशे सतरा झालेत,” बुआचुम म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “चुकवल्या असतील.”

“एकही नाही.”

“मीही असंच म्हणालो होतो. तोंडही असंच केलं होतं.”

तिने कागदाची हकीकत सांगितली. आठ जणांची, अपुऱ्या औषधांची, न पाठवलेल्या रक्ताची. गोळ्या कधी सोडल्या, असं तिने शेवटी विचारलं.

“बैठकीनंतर दोन महिने घेतल्या. मग म्हटलं, चुकवणारा ठरलोच आहे, तर निदान चुकवून तरी बघू.” तो हसायला गेला आणि त्याचा खोकला झाला.

“चल माझ्याबरोबर. आजच.”

“तो रकाना बदल. मग येतो.”

“इन्सोम, तुझी अवस्था बघ—”

“मरताना फायलीत खोटारडा असणार नाही मी. बदल, मग ये.”

जिन्याच्या तळाशी आई म्हणाली, “तीन वेळा निघाला होता तो हॉस्पिटलला. रस्त्यावरून परत फिरला. तिथे तुम्ही असता म्हणे.”

बुआचुमला वाटलं होतं, इन्सोमचं रक्त चिआंग माईला गेलं की कागद येईल आणि कागदच बोलेल. सुपान्नीने नकारार्थी मान हलवली. गोळ्या सोडून इतके महिने झाले की सरावलेला विषाणू मागे दडतो, तपासणीत दिसत नाही. आता पाठवलं तर सगळं ठीक आहे असं उत्तर येईल, आणि समिती तीच जुनी गोळी देईल, जी चालणार नाही. पुरावा होता तेव्हा कोणी मागितला नाही. आता मागितला तर नव्हता.

डॉक्टर तरुण होते, बँकॉकहून तीन वर्षांसाठी आलेले, अतिशय सभ्य.

“समिती विचारेल,” ते म्हणाले. “तेव्हा ‘होय’ लिहिलंत. आता ‘नाही’ म्हणता. त्याने चुकवल्या नव्हत्या हे तुम्हाला कशावरून माहीत?”

“माहीत नाही.”

“मग?”

“तेव्हाही माहीत नव्हतं, डॉक्टर. आकडा उतरला म्हणून लिहिलं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पण मग तुम्ही भरलेले बाकीचे फॉर्म? त्रेचाळीस जणांचे आहेत.”

ते सगळे रद्द होतील, फेरचौकशी होईल आणि ती चौकशी करणारी ती नसेल, हे तिला प्रश्न संपायच्या आत समजलं. तालुक्यात तिला बुआचुम म्हणून ओळखणारे थोडे होते. बाकीचे तिला त्या कामाने ओळखत.

“तेही,” ती म्हणाली.

तिने तसं लिहून दिलं. ओळी वाकड्या झाल्या, सही मात्र सरळ आली. डॉक्टरांनी आठ जणांची यादी, तिच्यासह तिघांचे कागद आणि तिचं पत्र एकत्र टाचून प्रांताला पाठवलं. जुन्या फॉर्मवर तिने ‘होय’ खोडलं, वर ‘ठाऊक नाही’ लिहिलं, आणि त्याची प्रत घेऊन इन्सोमकडे गेली.

त्याने ती बराच वेळ वाचली. “‘नाही’ का नाही लिहिलं?”

“मी बघितलं नव्हतं तुला गोळी घेताना. किंवा चुकवताना.”

त्याने प्रत आईकडे दिली. आईला वाचता येत नव्हतं. तिने ती घडी करून बुद्धाच्या फळीवर ठेवली आणि त्याचा दुसरा शर्ट काढला.

पुढच्या बैठकीत बुआचुमने दोन्ही आकडे सांगितले, खरा आणि खोटा. नुकत्याच आलेल्या दोन पोरी तिच्याकडे अशा बघत होत्या की जणू तिने त्यांच्याच गोळ्या हिसकावल्या.

“म्हणजे त्या टाळ्या परत घ्यायच्या की काय?” चान मावशींनी विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही. मावशींनी स्वतःची चिठ्ठी न वाचता पोलक्यात सारली.

समितीचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. इन्सोम त्यातले चार वॉर्डात न्यूमोनियाशी झगडत होता. सैनिक एकोणीस. बुआचुम रोज यायची. कार्यकर्ती म्हणून येण्याचा हक्क गेला होता, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांच्या वेळेत, बाहेरच्या बाकावर. आई भाताची टोपली घेऊन तिच्यासमोरून जायची. पहिले काही दिवस बघायचीही नाही. नंतर “ताप उतरला” किंवा “उतरला नाही” एवढं म्हणायची.

नवी औषधं त्याला लागू पडली. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत एकोणीसचे चौसष्ट झाले. चौसष्ट म्हणजे काहीच नाही. एखादी साधी पोटदुखी अजूनही त्याला नेऊ शकली असती. इन्सोमने चिठ्ठी आईला वाचून दाखवली आणि बुआचुम बसली होती त्या बाकाला वळसा घालून दुसऱ्या दाराने बाहेर पडला.