आधीच मानलेले उपकार

माझी आई आठवडाभर वऱ्हाडी बोलते आणि प्रार्थना मात्र छापील मराठीत करते. "काहून रे, पावशेरात दोनच वांगे?" म्हणून भाजीवाल्याशी भांडणारी बाई डोळे मिटले की "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो" अशी सुरुवात करते. लहानपणी मला वाटायचे, देवाला वऱ्हाडी येत नसावी.

त्या वर्षी तिच्या प्रार्थनेत माझी नोकरी होती. अमरावतीच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचे, ती एका मोठ्या कंपनीने घेतली, नमुने नागपूरला जाऊ लागले आणि आम्हाला घरी बसवले. वडील नव्हते. घर आईच्या शिलाई मशीनवर चालायचे आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा आता मीच ओवून द्यायचे. नोकरी लागली नाही तर पुढे काय, हे आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. देवाला मात्र ती रोज सांगायची, तेही माझा हात धरून.

सुरुवातीला मीही मागायचे, अगदी पोटतिडकीने. पण आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पाळकसाहेब मंडळीकडून प्रार्थनेसाठी विनंत्या घेतात. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाचे लग्न, आणि आमची नोकरी. गुडघे बरे झाले, लग्ने लागली, आमची विनंती जिथल्या तिथे. माझे नाव निघाले की पुढच्या बाकावरच्या बाया वळून पाहायच्या, आणि बाहेर पडताच "काय झालं वं तुह्या नोकरीचं?" हळूहळू मला देवापेक्षा त्याच्या मंडळीचाच धाक वाटू लागला. मी डोळे मिटून बसायचे, ओठ हलवायचे, आत मात्र एक शब्द उमटत नव्हता. मी देवावर चिडले होते. घरातल्या माणसाशी धरावा तसा अबोला धरला होता, आणि हे कुणाला कळलेले नाही अशी माझी समजूत होती.

अशात अकोल्याहून मुलाखतीचे बोलावणे आले. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या गल्लीत दवाखाना होता. डॉक्टरांनी अर्ज वाचला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ख्रिश्चन? मग आडनाव असं कसं?"

"आडनावाचा बाप्तिस्मा होत नाही, सर," मी म्हटले. माझ्या तोंडाला लगाम नाही हे आईचे मत उगीच नाही. पण डॉक्टर हसले. दोन काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काय दिसते ते विचारले, मी बरोबर सांगितले. "समजा झालंच तुमचं. फोन करतो," असे म्हणाले.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईस्तोवर मी त्या दवाखान्यात मनाने रुजूसुद्धा झाले होते. घरी येऊन आईला सगळे सांगितले. नेमके त्याच सुमारास चर्चमध्ये बाहेरगावचे एक उपदेशक येऊन गेले होते. जे मागितले ते मिळालेच असे धरून आधीच उपकार माना, हाच खरा विश्वास, असे त्यांनी शिकवले होते. आईने ते मनावर घेतले. रविवारी साक्ष द्यायला उभी राहिली आणि प्रभूने माझ्या लेकीला अकोल्यात नोकरी दिली म्हणून मोकळी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुक्रवारची उपकारस्तुतीची सभा आमच्या घरी ठरली.

शुक्रवारी दुपारी फोन आला. तिकडची बाई मऊ आवाजात म्हणाली, "सरांनी दुसऱ्या मुलीला घेतलं, मॅडम."

आई स्वयंपाकघरात वडे तळत होती. मी तिथेच तिच्यावर ओरडले, "तुले कोणी सांगतलं होतं आधीच नाचाले?"

"मी नाचली नाही. मी उपकार मानले."

"कशाचे?"

कढईतला घाणा करपला.

"फोन करून सांग सगळ्यायले, येऊ नका म्हणाव."

"वडे झाले ना आता," ती म्हणाली.

संध्याकाळी माणसे आली. शेजारून आणलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, बाया सतरंजीवर बसल्या. दोन गीते झाली आणि पाळकसाहेब म्हणाले, "ये बेटा, साक्ष दे." मी उभी राहिले. "नोकरी लागली नाही. आज दुपारी कळलं," एवढेच म्हणाले.

"आमेन!" भिंतीशी बसलेले एक आजोबा सवयीने म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारले. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पाळकसाहेबांनी घाईने आईलाच प्रार्थना करायला सांगितले. "हे दयाळू स्वर्गीय पित्या," तिने सुरुवात केली आणि थांबली. ती रडत असेल म्हणून मी डोळे उघडले. ती रडत नव्हती.

"देवा," ती म्हणाली, "थकली मी आता. ज्या पोरीले ते नोकरी लागली, तिच्या मायनंबी तुलेच मांगतलं असन. तिचं आयकलं, बरं केलं. सुखी ठेव तिले. पण माह्यी पोरगीबी तुह्यीच हाये ना? तिनं तुह्याशी बोलणं सोडलं, हे मले अशा डोयानं दिसते, तुले दिसत नाही काय? नोकरीचं मंग पाह्य. आधी तिच्याशी बोल."

कुणीच आमेन म्हटले नाही. म्हणावे की नाही हे कुणाला कळत नसावे. शेवटी मी म्हटले. कितीतरी महिन्यांत त्याच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द होता, आणि तो नीट निघालाही नाही.

नोकरी पुढच्या वर्षी लागली, परतवाड्यात. पाळकसाहेबांनी विचारले, "मग, उपकारस्तुती कधी ठेवायची?"

"झाली ना मांगच्या वर्षी," आई म्हणाली. "तुमीच तं वडे खाल्ले."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. ती त्याच्याशी वऱ्हाडीत बोलत होती.