खळ्यावरच्या दोन होड्या

आमच्या थोरल्या साडूंइतका विकत न घेतलेल्या वस्तूंचा दांडगा अनुभव असलेला माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत सापडणार नाही. वस्तू घरात येण्याआधी ती आलीच आहे असे धरून वागायचे, ही त्यांची रीत. म्हैस घ्यायचे मनात आले तेव्हा पंधरा दिवस पहाटे चारला उठून ते रिकामा गोठा झाडत होते. सोळाव्या दिवशी मला म्हणाले, "भाऊ, म्हैस नको. लय जागवते." कपाटासाठी त्यांनी भिंतीशी विटा मांडल्या आणि महिनाभर सगळ्यांना त्या नसलेल्या कपाटाला वळसा घालायला लावला. मी एकदा चुकून विटा ओलांडल्या, तर ओरडले, "कपाटातून कुठं चाललात?"

दिवाळीनंतर होडीचा विषय निघाला. त्यांचे गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठावर; त्यांची थोरली बहीण, आमची सगळ्यांची आक्का, पलीकडच्या काठावर एकटी. पाण्यावरून पाऊण किलोमीटर, रस्त्याने एकतीस. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नव्हती, वर्षभर माहेरी येणे झाले नव्हते. साडूंपुढे दोन होड्या होत्या. एक मोठी पाँटून: दोन लांब पोकळ नळ्यांवर सपाट मंच, वर छत, कडेने बाके, बारा माणसे. दुसरी साधी फायबरची, दोन माणसे आणि गवताचा एक भारा मावेल एवढी. मी वजन, रुंदी, डिझेल असे सगळे आकडे मांडून दिले. पाँटून सरस होती. ती डुलत नाही, आक्काला चालतच चढता येईल. साडूंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि सारवलेल्या खळ्यावर चुन्याने दोन्ही होड्या खऱ्या मापात आखल्या. मग जीप करून आक्काला आणले.

पाँटूनमध्ये आम्ही बारा जण बसलो. चहा झाला, फोटो झाले, भाच्यांची भांडणे झाली. मी घड्याळ लावले होते. चाळीस मिनिटांत आक्का दोनदाच बोलली, दोन्ही वेळा "नको" एवढेच. शेवटी साडूंनी तिला हाताला धरून लहान होडीत नेले. समोरासमोर दोन स्टुले मांडली, गुडघ्याला गुडघा लागत होता.

"केस लय पिकले रे तुझे," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाय."

"सांगायला तू होतीस कुठं गो?"

तासभर दोघे उठले नाहीत. साडूंची बायको चहा घेऊन गेली, तर साडू म्हणाले, "काठावरच ठेव. तिसरं माणूस चढलं का हलते."

लहान होडी आली. दोन्ही काठांना साडूंनी दगडी पायऱ्या बांधल्या, प्रत्येकीची उंची आक्काच्या गुडघ्यांना विचारून. दर गुरुवारी ते तिला घेऊन येतात. पाऊण किलोमीटरला पंधरा मिनिटे पुरावीत, त्यांना पन्नास लागतात, कारण मधोमध आल्यावर ते वल्ही वर घेतात. काठावरून त्यांचे बोलणे ऐकू येत नाही, आक्काचा हलणारा हात तेवढा दिसतो. माझी बहीण कल्याणला असते, आसनगावातल्या माझ्या घरापासून तासाभरावर. मागच्या गुरुवारी मी काठावर उभा होतो आणि तिला शेवटचे कधी भेटलो ते आठवत होतो. होडी पायरीला लागली तरी आठवले नाही.