ढोलांमधला संयम

एखाद्या परदेशी ऑर्केस्ट्रा-कंडक्टरविषयी ठाम मत असलेले आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतले एकमेव गृहस्थ म्हणजे बद्रीनाथ खरवडे. बाकीच्यांची ठाम मतं पार्किंगविषयी.

हडपसरच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या या माणसाने जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड आणली होती. वणव्यात सापडलेल्या गावाचा नाच, असं काहीसं गेल्या शतकातलं बॅले-संगीत. त्यात गुणगुणण्यासारखी एक ओळ नाही आणि ताल दर दोन पावलांवर शब्द फिरवतो. बद्रीनाथांना ते का आवडलं, हे नम्रतावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अजून कळलेलं नाही.

रात्रपाळीमुळे ऐकायला वेळ मिळे तो दुपारी. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या सत्यशीलाबाईंची चिठ्ठी आली : 'दुपारी एक ते चार आपल्याकडे पाडकाम चालू राहणार असल्यास तसा फलक लावावा.' वहिनींनी त्याच संध्याकाळी दोन्ही स्पीकरना गोधडीची जाड खोळ शिवून घातली, नाड्यांसकट. ती बावीस वर्षं निघाली नाही. पुढेपुढे ती स्पीकरचाच भाग आहे असं घरात सगळे धरून चालले.

या बावीस वर्षांत बद्रीनाथांचा सिद्धांत तयार झाला. इतर कंडक्टरांनी वाजवून घेतलेलं हेच संगीत ते मोबाइलवर, कानात इयरफोन घालून ऐकत आणि वैतागत.

"नुसता धांगडधिंगा," ते मला म्हणत. "आमच्या रेकॉर्डवरचा माणूस बघा. वणवा आहे, पण खडकवासल्याच्या पलीकडे. याला म्हणतात संयम."

एकदा श्रोता मंडळाचे चिटणीस इंद्रजीत त्यांना म्हणाले, "अहो, हा कंडक्टर तर दणदणाटासाठीच ओळखला जातो."

"तुम्हाला ऐकू येतं," बद्रीनाथ म्हणाले. "ऐकता येत नाही."

चिटणिसांनी ते मनात ठेवलं आणि बद्रीनाथांचं व्याख्यान ठेवलं. विषय : 'ढोलांमधला संयम'.

कारखान्यात तीस वर्षं यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. आता साठ माणसं फक्त ते ऐकायला येणार होती. महिनाभर त्यांनी बारा पानं घोटून घोटून लिहिली. हा मान त्यांना मिळावा असं मलाही मनापासून वाटत होतं, म्हणून मीही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"आता ढोल ऐका," बद्रीनाथ म्हणाले. "पाहुण्यासारखे दाराशी थांबून येतात."

चिटणिसांनी बद्रीनाथांच्याच रेकॉर्डवर सुई ठेवली. मंडळाचे स्पीकर कपाटाएवढे आणि उघडे. ढोल आले ते खिडक्यांच्या काचा थरथरवत. शेजारधर्म म्हणून आलेल्या सत्यशीलाबाईंनी पहिल्या रांगेत पर्स छातीशी धरली. चिटणीस हसू दाबत पंख्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बद्रीनाथ कागद हातात धरून तसेच उभे. रेकॉर्डची पहिली बाजू संपली तशी हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली.

"माझा सिद्धांत," ते म्हणाले, "आमच्या घरच्या स्पीकरवरच्या गोधडीविषयी होता, असं दिसतंय. कंडक्टरचा त्यात काही दोष नाही."

लोक खो खो हसले. बद्रीनाथ हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लाजेने नव्हे, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मग व्याख्यान पुढे चालू ठेवताय ना?" चिटणिसांनी गोड आवाजात विचारलं.

बारा पानं टेबलावर ठेवून बद्रीनाथ खाली उतरले आणि सत्यशीलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"दुसरी बाजू लावा," ते म्हणाले. "ती मी अजून ऐकलेली नाही."