मास्तरांच्या तीन रेघा

दाजी मास्तरांनी इंग्रजी क्रियापद कधी बसून शिकवलं नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत त्यांनी खडूने तीन रेघा ओढल्या होत्या. भिंतीलगतची झालेल्या गोष्टींची, मधली चालू असलेल्यांची, कठड्याजवळची व्हायच्या गोष्टींची. 'आय वेंट' भिंतीशी उभं राहून म्हणायचं, 'आय ॲम गोइंग' मध्ये, 'आय शॅल गो' कठड्याशी. मी बावीस वर्षांचा, गोदीच्या कचेरीत उमेदवार; मलाही सुटका नव्हती.

चुकलो की ओरडत, "अरे शहाण्या, काल जेवलास ते आज कशाला वाढून घेतोस? हो मागे!" आणि एक त्यांचं ठरलेलं: "थापा मारायच्या तर मराठीत मार. साहेबाचं क्रियापद आधी विचारतं, कधी? तिथंच चोर सापडतो."

प्लेगच्या साथीत घरोघर झडत्या सुरू झाल्या. तापाचा माणूस दिसला की इस्पितळात. तिथून परतलेला आमच्या चाळीने पाहिला नव्हता. नेमका तेव्हाच माझ्या विधवा आईला हिवताप भरला. दरवर्षीचाच, पण झडती घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते कोण पटवणार? मी तिला तांदळाच्या कणगीमागे निजवलं, वर गोधड्या रचल्या.

डॉक्टर साहेब सोजिरांना घेऊन दारात उभा राहिला. "घरात कोणी आजारी?" मी कणगीपुढे सरकलो. गोधड्यांखाली आई कण्हली. साहेबाने मान वळवली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मास्तर बाहेर आले, मधल्या रेघेवर ताठ उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, "आय हॅव फीवर, सर."

सगळे आजार लपवत असताना आपण होऊन सांगणाऱ्यावर कोण संशय घेणार? साहेब चटकन मागे सरला; आमच्या खोलीची झडती तिथंच राहिली. मास्तरांना डोलीत घातलं. माझ्याजवळून जाताना ते पुटपुटले, "बघतोस काय? म्हातारी गुदमरेल, काढ तिला."

इस्पितळातच त्यांना प्लेग लागला. ते परतले नाहीत.

चाळ म्हणू लागली, "रोग लपवून आमच्यात वावरला मेला!" गॅलरी फिनेलने धुतली, तिन्ही रेघा पुसल्या. बादली मीच धरली होती. बोललो तर आईला नेतील, अशी मनाची समजूत घातली. आई बरी झाली, पुढे पुष्कळ वर्षं जगली; तरी मी बोललो नाही.

त्या चाळीतली नातवंडं अजून 'रोग लपवणारा मास्तर' म्हणतात. म्हणून आज भिंतीशी उभा राहून सांगतो: मास्तरांना ताप नव्हता. ताप माझ्या आईला होता.