डाव्या डोळ्याचं पाणी

आईच्या डाव्या डोळ्यावर माझी कायम पाळत असायची. डोळा आणि नाक यांच्या मधल्या कोपऱ्यात तिला पूर्वी सारखं गळू व्हायचं. दाबलं की पापणीतून पू यायचा. आसवं नाकात उतरायची नळी बुजली होती. कोल्हापुरात दुर्बिणीनं नाकातूनच ऑपरेशन करून नवी वाट पाडली. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. आबांनी बायकोचा तो चेहरा गावभर दाखवला. डॉक्टर मात्र निघताना म्हणाले होते, "बहुतेकांची वाट टिकते. एखाद्याची काही वर्षांनी परत मिटत येते. विनाकारण पाणी यायला लागलं तर थांबू नका."

पुढची वर्षं चांगली गेली, पण ते 'विनाकारण' माझ्या डोक्यात रुतून बसलं. शाहूवाडीकडच्या आमच्या गावी गेले की चहाच्या आधी मी तिचा डावा गाल बघायची.

"कोरडा हाय! काय बघतीस सारखं?" ती वैतागायची.

मग आबा गेले, आणि पाणी यायला कारण मिळालं.

आमच्याकडं रडणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. काळजी करतात ती न रडणारीची. रक्षाविसर्जन झालं, पावणे पांगले, तरी आईच्या गालावरची ओल हटेना. "लई जीव हुता की गं तिचा," शेजारची काकू कौतुकानं म्हणाली. मी बघत होते, पदर फक्त डावीकडं जात होता. उजवा डोळा ठणठणीत कोरडा.

दवाखान्याचं नाव काढताच आत्या उखडली. "उत्तरकार्य झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय तिनं. नवऱ्यासाठी रडतीया, त्याला औषध कसलं?" मी कडाकडा भांडले. आई डावा गाल पुसत आत निघून गेली. दिवस जात होते तसा कोपरा लाल झाला, मग टम्म फुगला. रडून रडून सुजलाय, असं येणारी-जाणारी म्हणत होती आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

उत्तरकार्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला कोल्हापूरला न्यायला गाडीत घातलं. मलकापूर मागं पडल्यावर ती एवढंच बोलली, "परत ऑपरेशन न्हाय करायचं. तवा तुझं आबा हुतं हात धरायला."

औषधानं सूज उतरल्यावर डॉक्टरांनी परत बोलावलं. पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून ते पिचकारीनं मिठाचं पाणी सोडतात; वाट मोकळी असेल तर ते घशात उतरतं. मागं ऑपरेशननंतर हीच तपासणी झाली, तेव्हा ती तोंड वाकडं करून "खारट लागतंय" म्हणाली होती आणि आबा मोठ्यानं हसले होते. आज तिची हनुवटी मी धरली होती.

"घशात आलं का, मावशी?"

आईनं आवंढा गिळला. "व्हय. आलं की. खारट लागतंय."

तिच्या डाव्या डोळ्यातून ते सगळं पाणी परत येऊन माझ्या हातावर ठिबकत होतं.