सायडिंगवरची ज्वारी

मी आयुष्यात एकदाच पीक घेतलं आणि तेही रेल्वेच्या रुळांत. त्याआधी कधी शेती केली नव्हती, नंतरही केली नाही. पण महसूल खात्यानं माझी पेरणी पाहिली, रेल्वेच्या साहेबांनी पाहिली, आणि ती पाहूनच मला नोकरीवर कायम केलं. एवढा मान हिंगोलीकडच्या एखाद्या मोठ्या जमीनदारालाही मिळाला नसेल.

मी मूळचा कोकणातला. चौथीत शाळा सोडली. शाळेला त्याचं फारसं दुःख झालं नाही. मग आमच्याकडच्या एका ठेकेदाराबरोबर खडी फोडायला इतक्या लांब, निजामाच्या मुलखात आलो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. ठेकेदार एका बाजारच्या दिवशी कळमनुरीला जाऊन येतो म्हणाला, तो अजून यायचा आहे. बाकीचे गडी मिळेल त्या गाडीनं परतले. मला परतायचीही भीती वाटत होती आणि राहायचीही. म्हणून मी प्लॅटफॉर्मच्या कडेला, जायचं का राहायचं याचा विचार करत बसून राहिलो. लाइनीवरचे मिस्त्री तिथून चालले होते. थांबून म्हणाले, "रोटी खाया क्या, बेटा?" त्या एका प्रश्नावर मी त्यांचा झालो. त्यांच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीनं पहिले काही दिवस माझ्या भातखाऊ पोटाला तकलीफ दिली, पण उपकाराची भाकरी पोटानं नाकारून कसं चालेल?

मिस्त्रींनी मला हॉपरच्या दारावर हंगामी लावून घेतलं. हॉपर म्हणजे खडी वाहायची वॅगन. वर उघडी, खाली निमुळती होत गेलेली, बुडाला दार. बाजूचं चाक फिरवलं की दार उघडायचं आणि गाडी हळूहळू चालत असताना खडी रुळांमधे पडत जायची. दार जास्त उघडलं तर खडीचा ढीग होऊन मागचं चाक त्याच्यावर चढणार. कमी उघडलं तर रूळ उपाशी. गँगमधे साखऱ्याकडची एक मावशी होती. तिनं वॅगनीला प्रदक्षिणा घालून निकाल दिला, "हे तर चाडं हाय!" पेरताना तिफणीवर बियाण्याची जी लाकडी वाटी असते तिला चाडं म्हणतात. बाया त्यातून मुठीनं दाणा सोडतात. "आन् मूठ धरायला कोण? हा कोकण्या! ह्यानं तर तिफण बी बघितली न्हाई."

बघितली नव्हती, हे खरं होतं. पावसाळ्याच्या अखेरीस मोठे साहेब येणार, माझा हात पाहणार, बसला असेल तर कायम करणार, असं ठरलेलं. नसेल तर साहेबांच्या शिपायाचा मेहुणा त्या जागेसाठी तयारच होता. त्याला हॉपर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण मेहुणा असल्यानं अडत नव्हतं.

अडचण वेगळीच होती. वॅगनीचं दार उघडतच नव्हतं. ती खडीनं भरून आली आणि सायडिंगच्या, म्हणजे मुख्य लाइनीशेजारच्या जादा रुळाच्या, टोकाला उभी राहिली. आतल्या दगडाची पूड वळवाच्या पावसानं भिजली, वाळली आणि गिलाव्यासारखी घट्ट बसली. वर साहेबांकडे अर्ज चालले, खाली दारावर घण चालला. दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरले.

मग मिस्त्रींनी रॉकेलच्या डब्याचा एक छोटा हॉपर बनवला. बुडाला निमुळता पत्रा, त्याला सरकतं दार, बाजूला फिरवायची कडी, सगळं हुबेहूब. तो त्यांनी रुळावरून ढकलायच्या ट्रॉलीवर बसवला. मी कडी धरून बसायचो आणि मावशी नि तिची जोडीदारीण मागून ढकलायच्या. आधी बारीक खडी घालून पाहिली, तर दार लगेच अडकलं. या बाबतीतही नमुना अगदी हुबेहूब होता. शेवटी मिस्त्रींनी मालधक्क्यावर पोत्यांतून सांडलेली, मातीत मिसळलेली ज्वारी झाडून आणली. ती झुळझुळ पडू लागली. "देख, कैसी चलती!" मिस्त्री खूश. आमच्या हॉपरमधून खडी सोडून सगळं पडत होतं.

रोज संध्याकाळी सायडिंगवर माझा सराव चालायचा. सुरुवात स्टेशनकडून केली, आणि जसजसा हात सुधारला तसतसे आम्ही सिग्नलकडे सरकत गेलो. काम झालं की मी खराट्यानं दाणे गोळा करायचो. दगडांच्या फटीत गेलेले मात्र तिथंच राहायचे.

"पेरून राहिला का रं, कोकण्या?" मागून ढकलता ढकलता मावशी विचारायची.

"नाही मावशी, शिकतोय."

"मंग शिक की बराबर. दाणा कोंबड्यास्नी टाकून राहिला व्हय?"

मृग लागला. थोड्याच दिवसांत सायडिंगवर हिरवं काही वर आलं. मला ते गवत वाटलं. भातापलीकडे मी पीक पाहिलं असेल तर ना! मावशीनं पाहिलं आणि ती रुळावर बसून पोट धरून हसायला लागली.

"का हसता, मावशी?"

"आरं लेकरा, ज्वारी हाय ही! आन् पेर तर बघ. हितं काय डबा पालथा केला व्हता? आन् हितं पुढं? हितं झोपला व्हतास का?"

त्या मुलखात माणसानं काय पेरलं ते हंगामभर उघड्यावर उभं राहतं आणि येणारा जाणारा ते वाचतो. इतरांचे दोष बांधाआड असायचे, माझे रेल्वेच्या जागेत होते. शेतावर जाणारे गडी थांबून बघायचे. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला निघालेले लोकही आधी माझी पेर बघून घ्यायचे. "पाव्हणं, मूठ लई सैल हाय तुमची." "काहून हो, बायकोशी भांडून पेरली का?" माझ्या लग्नाचा पत्ता नव्हता.

मी सगळं उपटायला निघालो, तर मिस्त्रींनी हात धरला. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि एवढंच म्हणाले, "नक्को. रहने दे."

त्यांनी ठेवलं आणि पटवारी आला. त्या वर्षी धान्याची लेव्ही जोरात होती. ज्याच्या जमिनीत दाणा त्याच्याकडून सरकारचा हिस्सा वसूल व्हायचा. सायडिंगवर उभं राहून पटवाऱ्यानं विचारलं, "पीक कोणाचं?" जो तो आपापल्या कामाला लागला. "मालकाशिवाय पीक असतं का?" त्यानं पुन्हा विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप आली नाही. धान्याची चोरी, सरकारची फसवणूक आणि शिपायाचा मेहुणा, तिघंही माझ्या उशाशी बसून होते.

साहेब आले त्या दिवशी हॉपरच्या दाराला तेल घातलं, घण मारला, चाकावर नारळ फोडला. नारळ फुटला, दार ढिम्म. साहेब हैदराबादचे, स्वभावानं वाईट नव्हते. म्हणाले, "मिस्त्री, दरवाज़ा खुला नहीं, तो इसका हाथ कैसे देखूँ? बिना देखे कायम कैसे करूँ?"

मला समोर कोकणात जाणारी सगळी वाट दिसली.

"हाथ देखना है ना, साहब? उधर है," मिस्त्री म्हणाले आणि साहेबांना सायडिंगवर घेऊन गेले. तिथं पटवारी आधीच हजर होता.

"ये घास कायकू बढ़ने दी?" साहेबांनी आवाज चढवला.

"गवत न्हाई, साहेब. पीक हाय," पटवारी म्हणाला. "लेव्हीला पात्र हाय."

"रेल की पटरी में फ़सल? घास है!"

"घास को कणीस लगता क्या, साहेब?"

गवत ठरलं तर मिस्त्रींचा निष्काळजीपणा, पीक ठरलं तर माझा गुन्हा. दोन खाती समोरासमोर आणि मधे आम्ही दोघं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहब, घास भी नहीं, फ़सल भी नहीं. नमूना है. इसके हाथ का. चलके देखो."

साहेब चालायला लागले. स्टेशनकडच्या टोकाला कुठं झुडूप, कुठं टक्कल. पुढे झुडपं कमी झाली, टकलं भरत आली. सिग्नलजवळ तर ज्वारीची ताटं अशी उभी होती, की जणू दोरी लावून पेरली असावीत. पटवारीही मागोमाग आला होता. शेतकऱ्याच्या घरचाच तो, लेव्ही विसरून म्हणाला, "ही मूठ मात्र चांगली हाय. ही कोणाची?"

"इसकीच," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी स्टेशनकडच्या टोकाकडे बोट केलं. "वो भी इसकीच, जब आया था तब की."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "रख लो इसको."

नमुना म्हटल्यावर लेव्ही लागेना आणि निष्काळजीपणाही ठरेना. पण साहेबांनी जाताना हुकूम दिला, की वरच्यांना कळवेपर्यंत नमुना जसाच्या तसा राखावा. त्यामुळे कायम नोकरीत माझं पहिलं काम ठरलं ते पाखरं हाकलायचं. हॉपरच्या काठावर, आतल्या खडीवर पाय देऊन, मी गोफण घेऊन उभा राहायचो. इतक्या महिन्यांत त्या वॅगनीचा पहिला उपयोग झाला तो असा, राखणीचा माळा म्हणून. वरून काही हुकूम आला नाही. कणसं हुरड्याला आली तेव्हा मिस्त्री, मावशी, पटवारी आणि मी, अशा चौघांनी मिळून नमुना खाल्ला.

पुढं थंडीत आतली पूड आक्रसून भेगाळली आणि दार एकदाचं हललं. एंजिननं वॅगन हळूहळू ओढली. मी चाक धरलं. खडी सरळ, सारखी पडत गेली. मावशी बाजूनं चालत होती, वाकून वाकून बघत. शेवटी मी विचारलं, "बराबर पडली का, मावशी?"

ती म्हणाली, "उगवली म्हंजी सांगते."