आक्कांची चपटी बाटली

शाळेत एखादी पोरगी पोट धरून वाकली, की शेवंताक्का घंटेचा हातोडा टाकून चहाच्या स्टोव्हकडे धावायच्या. तासाची घंटा पाच मिनिटं उशिरा झाली, की आम्ही ओळखायचो, कुणाची तरी पाळी आलीय.

शाहूपुरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिपाई होत्या. आवाज असा, की खरं तर घंटेची गरजच नव्हती. नवरा प्यायचा. त्याच्या रिकाम्या चपट्या बाटल्या त्या घासून गुपचूप शाळेत आणायच्या, गरम पाणी भरून, जुन्या टॉवेलात गुंडाळून आमच्या ओटीपोटावर बांधायच्या. "बोटाला सोसंल तेवढंच गरम. आन् पडून ऱ्हाऊ नगंस, चाल की जरा!" असं म्हणत मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. दुखणं निम्मं तरी उतरायचंच.

नववीत खो-खोची फायनल आमच्याच मैदानावर होती आणि नेमकी त्याच सकाळी माझी पाळी आली. कर्म माझं! आदल्या वर्षी याच दुखण्यापायी मी बाहेर बसून रडत फायनल बघितली होती. या वेळी आक्कांनी सकाळपासून बाटली बांधून मला फिरवलं, कंबर चोळून दिली. जरा बरं वाटायला लागलं. सामन्याआधी रांगेत उभी राहिले आणि बाटली टॉवेलातून सुटून, जर्सीखालून सटकून थेट आमच्या मुख्याध्यापिकांच्या, मोठ्या बाईंच्या पायाशी पडली. मेलीचं लेबलही निघालेलं नव्हतं!

"दारूची बाटली? आत्ताच्या आत्ता संघातून बाहेर हो!" मोठ्या बाई कडाडल्या.

तेवढ्यात फाटकाजवळून आक्का गरजल्या, "बाई, बाटली माझ्या मालकाची हाय! आत गरम पाणी हाय. पोरीची पाळी आलीया, पोट दुखतंय तिचं. त्यात लपवायचं काय?"

पंच आपल्या बुटांकडे बघत राहिले. मोठ्या बाईंनी वाकून बाटली उचलली, हाताने चाचपली.

"आक्का, ही गार झालीय. अजून दहा मिनिटं आहेत. दुसरी भरून आणा."

त्या दिवशी मी शेवटच्या डावात चौघींना बाद केलं. ढाल आम्हीच जिंकली! आक्कांनी घंटा अशी बडवली, की पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात आली.

दहा-बारा वर्षांनी आक्का निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम शाळेत गेले होते. भाषण करा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मालकांनी सोडली, लय ब्येस झालं. पर आता बाटल्या कुठनं आणायच्या वो?" सगळे पोट धरून हसले. मोठ्या बाईंनी उठून कपाट उघडलं. आत गरम पाण्याच्या आठ रबरी पिशव्या, नव्याकोऱ्या.

आक्कांनी एक पिशवी उचलून स्वतःच्या पोटाशी धरली. खिडकीबाहेर मुलींचा सराव चालला होता.

"आमच्या वक्ताला आमी गोठ्यात पडून असायचो गं," त्या मला म्हणाल्या. "आता बघ की. पोरी पळत्यात!"